आगाप अर्ज आणि डिसेंबरचा कौल

शेतकऱ्याला वाट पाहायला कोणी शिकवावे लागत नाही. मृगाची वाट, वाफशाची वाट, कारखान्याच्या तोडणीची वाट, बाजारभावाची वाट, असे आपले निम्मे आयुष्य वाट पाहण्यातच जाते. पण पेरलेल्या बियाण्याची वाट पाहणे वेगळे आणि पोटच्या मुलाच्या भवितव्याचा कौल सातासमुद्रापलीकडून यायची वाट पाहणे वेगळे. शेतात निदान चार दिवसांनी माती उकरून मोड आला की नाही, हे बघता येते. तिकडे काय चालले आहे, हे उकरून बघण्याची सोय नाही.

अलीकडे खेड्यापाड्यांतली काही मुले-मुली बारावीत असतानाच अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांकडे पदवीच्या प्रवेशासाठी अर्ज करू लागली आहेत. अशी घरे तालुक्यात एखाद-दुसरीच असतील, पण आहेत. कोणाची मुलगी नवोदय विद्यालयात शिकते, कोणाचा मुलगा शहरात मामाकडे राहून शिकतो. अर्जाचे सारे काम मुले संगणकावर करतात. आईवडिलांना एवढेच ठाऊक असते की, नोव्हेंबरात अर्ज गेला आणि डिसेंबरात कळणार. कौल किती तऱ्हेचा असतो, आपण सही कशावर केली, पैसे कोण भरणार, याची नीट माहिती नसते. माहिती नसली की घोर वाढतो आणि घोर वाढला की घाईने चुकीचे निर्णय होतात.

शेतीच्या साप्ताहिकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. ज्या घराचा सात-बारा या निर्णयापायी गहाण पडू शकतो, त्या घरापुरता तो शेतीचाच प्रश्न आहे.

आगाप आणि मागास

अमेरिकेत महाविद्यालयाचे वर्ष ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात सुरू होते. त्यासाठी अर्ज घेण्याचे मुख्य हंगाम दोन. नेहमीच्या हंगामात साधारण १ जानेवारीच्या सुमारास अर्ज पोचवायचा, मार्चअखेरीस निकाल लागतो आणि विद्यार्थ्याने १ मेपर्यंत आपला होकार कळवायचा, अशी रीत आहे. त्याआधीचा हंगाम आगाप अर्जांचा. तिथे मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर, काही ठिकाणी १५ नोव्हेंबर. निकाल डिसेंबरच्या मध्यास.

बागलाण-कळवणकडचे द्राक्ष बागाईतदार आगाप छाटणी घेतात, ते आपणास माहीत आहे. माल लवकर बाजारात येतो, भाव चांगला सापडतो, पण पावसाची जोखीम डोक्यावर असते आणि खर्चाची तयारी आधी ठेवावी लागते. आगाप अर्जाचेही असेच आहे. लवकर मोकळे होता येते, पण ज्याची तयारी आधी झालेली, त्यालाच तो झेपतो.

विद्यापीठे हा हंगाम का ठेवतात? साखर कारखाना गाळपाआधी उसाची नोंद का घेतो, हे आठवावे. हंगामात किती ऊस हमखास येणार, हे त्याला आधी कळायला हवे असते. विद्यापीठालाही तेच हवे असते. ज्यांना मनापासून इथेच यायचे आहे अशी मुले आधी हेरली, की वर्गातल्या बऱ्याच जागांची निश्चिती होते.

नोंदीचा ऊस आणि मोकळा ऊस

आगाप अर्ज मुख्यत: दोन जातींचे आहेत. ही दोन नावे घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावीत.

पहिल्याला 'अर्ली डिसिजन' म्हणतात. हा बांधील अर्ज होय. असा अर्ज एकाच विद्यापीठाला करता येतो. होकार आला तर तिथेच जायचे आणि बाकीचे सर्व अर्ज मागे घ्यायचे, असा करार असतो. त्यावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचे समुपदेशक किंवा मुख्याध्यापक अशा तिघांच्या सह्या लागतात. म्हणजे हा नोंदीचा ऊस झाला. दुसरा कारखाना जादा भाव देतो म्हणून तो तिकडे नेता येत नाही. कोलंबिया, कॉर्नेल, ब्राऊन, डार्टमथ आणि पेनसिल्व्हेनिया या प्रसिद्ध विद्यापीठांची पद्धत ही आहे.

दुसऱ्याला 'अर्ली अॅक्शन' म्हणतात. हा मोकळा अर्ज. निकाल लवकर कळतो, पण होकार आला तरी बंधन नसते. १ मेपर्यंत विचार करता येतो. यातच एक कडक पोटजात आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड येथे मोकळा आगाप अर्ज केला, तर अमेरिकेतल्या दुसऱ्या खाजगी विद्यापीठाकडे त्याच हंगामात आगाप अर्ज करता येत नाही. तेथील सरकारी विद्यापीठांना आणि अमेरिकेबाहेरच्या विद्यापीठांना बंधन नसलेला अर्ज करण्यास सर्वसाधारणपणे मुभा असते. आपल्याकडील जेईई किंवा सीईटी देण्यास यातून कसलीही आडकाठी नाही.

लवकर अर्जाचा फायदा कोणाला?

आकड्यांवरून पाहू. हार्वर्डकडे २०२३ च्या आगाप हंगामात ७,९२१ अर्ज आले. त्यांतल्या ६९२ जणांना डिसेंबरात होकार मिळाला. म्हणजे शंभरात ९ देखील नाहीत. त्या वर्षीचे दोन्ही हंगामांचे मिळून अर्ज ५४,००८ होते आणि होकार १,९३७. म्हणजे शंभरात ४ सुद्धा नाहीत.

हे पाहून कोणी म्हणेल, लवकर अर्ज केला की संधी दुप्पट. हिशेब एवढा सरळ नाही. आगाप अर्ज करणाऱ्यांत विद्यापीठाने आधीच हेरलेले खेळाडू असतात, माजी विद्यार्थ्यांची मुले असतात आणि उत्तम शाळांत वर्षभर तयारी करून घेतलेली मुले असतात. जमीनच कसदार असली, तर उतारा केवळ लवकर पेरल्यामुळे वाढला असे म्हणता येत नाही. तरीही लवकर अर्जाचा स्वतंत्र फायदा असतोच, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अर्ली अॅडमिशन्स गेम' या पुस्तकात अॅव्हरी, फेअरबँक्स आणि झेकहाउझर या तिघा अभ्यासकांनी दाखवले. सॅट नावाच्या प्रवेश परीक्षेत १०० गुण जादा मिळाल्यासारखा तो फायदा आहे, असा त्यांचा अंदाज होता.

यात अन्याय आहे हे खुद्द विद्यापीठांनाही उमगले होते. या पद्धतीचा लाभ आधीच सुस्थितीत असलेल्यांना मिळतो, असे म्हणून हार्वर्डने सप्टेंबर २००६ मध्ये आगाप प्रवेश बंद करण्याचे जाहीर केले. पाठोपाठ प्रिन्स्टननेही तसेच केले. पण बाकीच्यांनी अनुकरण केले नाही, चांगली मुले दुसरीकडे आधी नोंदली जाऊ लागली आणि २०११ मध्ये या दोघांनी आगाप हंगाम पुन्हा सुरू केला. असो. हे सांगण्याचे कारण असे की, ज्या शर्यतीत सर्वांची सुरुवातीची रेघ एक नसते, तिच्या निकालावरून आपल्या मुलाची किंमत कोणी ठरवू नये.

आणखी एक. ही निवड गुणांच्या यादीने होत नाही. बारावीचे आणि आधीचे गुण तर बघतातच, पण मुलाने लिहिलेला निबंध, शिक्षकांची पत्रे आणि मुलाने आहे त्या परिस्थितीत काय केले, हेही बघतात. अर्जात घरच्या जबाबदाऱ्या लिहिण्यास जागा असते. सुट्टीत जनावरे सांभाळली, भावंडांचे बघितले, रात्रीच्या विजेवर पाणी धरले, हे लाजून लपवण्याचे कारण नाही. ते खरे असेल तर लिहावे.

कौल तीन तऱ्हेचा

पूर्वी हा निकाल टपालाने येई. जाड पाकीट आले तर प्रवेश आणि पातळ आले तर नकार, असे तिकडची मुले दारातूनच ओळखत. आता निकाल संगणकावर किंवा मोबाईलवर उघडतो. बरीच विद्यापीठे तो तिकडच्या संध्याकाळी जाहीर करतात. न्यूयॉर्क-बोस्टनकडे डिसेंबरात संध्याकाळचे ७ वाजतात, तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची पहाट, साडेपाच वाजलेले असतात. म्हणजे आपल्या घरी धारा काढण्याची वेळ.

कौल तीनपैकी एक असतो.

होकार : प्रवेश मिळाला. पण तो बारावी नीट पार पाडण्याच्या अटीवर असतो. पुढे गुण फार घसरले तर दिलेला प्रवेश काढून घेण्याचा हक्क विद्यापीठ राखून ठेवते.

लांबणी : याला 'डिफर' करणे म्हणतात. हा नकार नव्हे. अर्ज नेहमीच्या हंगामातल्या अर्जांबरोबर पुन्हा वाचला जातो आणि अंतिम निकाल मार्चअखेरीस कळतो. मधल्या काळातले शाळेचे गुण कळवावे लागतात. अर्ज बांधील असला तरी लांबणीवर पडताच ते बंधन सुटते, हे ध्यानात असू द्यावे.

नकार : त्या विद्यापीठापुरता त्या वर्षीचा विषय संपला. त्याच वर्षी तिथे पुन्हा अर्ज करता येत नाही. दुसरीकडे मात्र नेहमीच्या हंगामात अर्ज करता येतो.

सही करण्याआधी हिशेब

गेल्या रब्बीत हरभऱ्यावरील घाटे अळीच्या कार्यक्रमानंतर एक शेतकरी मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, पोरीनं अमेरिकेला अर्ज टाकलाय. कागदावर माझीबी सही हाय. होकार आला तर आनंदच हाय, पण होकार आला आन् पैसंच नसले, तर सही केलेल्या कागदाचं काय? जमीन जाईल का?"

मी म्हणालो, "आप्पा, जमीन जाणार नाही. पण हा प्रश्न सही करण्याआधी विचारायला हवा होता."

मुद्दा साधा आहे. बांधील करारात एक पळवाट मान्य आहे. विद्यापीठाने देऊ केलेली आर्थिक मदत कुटुंबाला अपुरी पडत असेल, तर तसे दाखवून विद्यार्थ्याला करारातून मोकळे होता येते. त्यासाठी मदतीचा अर्ज मुदतीत आणि खऱ्या उत्पन्नाच्या कागदांसह केलेला असला पाहिजे. मात्र बांधील अर्ज केल्यावर दोन-चार ठिकाणच्या मदतीची तुलना करून निवड करण्याची संधी जाते. ज्याला पैशाची निवड करावीच लागणार, त्याने मोकळा अर्ज किंवा नेहमीचा हंगाम धरावा, हे बरे.

आता रकमा बघू. या खाजगी विद्यापीठांत शिक्षण, राहणे आणि जेवण मिळून वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरांच्या पुढे जातो. रुपयांत सांगायचे तर वर्षाला ७० लाख किंवा त्याहून अधिक आणि पदवी चार वर्षांची. हा आकडा ऐकून शेतकरी घर हादरते. पण इथेच एक उफराटी गोष्ट आहे. जिथे दार सर्वांत अरुंद, तिथेच आत गेल्यावर ताट भरलेले असते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि अॅमहर्स्ट येथे परदेशी मुलांचीही निवड करताना पैशाची गरज पाहत नाहीत. निवड झाली की कुटुंबाच्या ऐपतीबाहेरचा खर्च विद्यापीठ उचलते. डार्टमथनेही २०२२ मध्ये परदेशी मुलांसाठी हेच धोरण जाहीर केले. हार्वर्डने २०२५ मध्ये जाहीर केले की, ज्यांचे वार्षिक उत्पन्न १ लाख डॉलरांपर्यंत आणि मालमत्ता बेताची आहे, त्या कुटुंबांकडून काही घेणार नाही. आपले बहुतेक शेतकरी या मर्यादेच्या कितीतरी खाली आहेत.

इतर अनेक विद्यापीठांत मात्र परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली, की त्याचा विचार निवडीच्या वेळीच होतो. मदतीचे पैसे थोडे आणि मागणारे पुष्कळ. कॉर्नेल येथे भारतीय मुलांसाठी टाटा शिष्यवृत्ती आहे. २००८ साली टाटांच्या न्यासाने २ कोटी ५० लाख डॉलरांची देणगी दिली, त्यातून ती चालते. रतन टाटा तेथेच वास्तुशास्त्र शिकले. पण तीही मोजक्याच मुलांना मिळते. काही विद्यापीठे तर प्रवेश लगेच देतात, पण मदत नावापुरती. तसे होकाराचे पत्र आले, तर ते पत्र नव्हे, बिल आहे असे समजावे.

शिष्यवृत्तीचे महत्त्व महाराष्ट्राला निराळे सांगायला नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. बुद्धी त्यांची होती, वाट मात्र शिष्यवृत्तीने उघडली.

वाट पाहण्याचे पंचेचाळीस दिवस

१ नोव्हेंबरपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत दिवस होतात पंचेचाळीस. १ नोव्हेंबरला पेरलेला बागायती गहू तोवर कांडी धरू लागतो. एकविसाव्या दिवशी पहिले पाणी झालेले असते आणि दुसरे द्यायचे असते. ओंबी दिसायला अजून अवकाश असतो. या काळात गहू बघत बसून वाढत नाही, पण पाणी चुकवले तर पुढे भरून निघत नाही. घरातल्या परीक्षार्थ्याचेही तसेच आहे. म्हणून या दिवसांत पुढील गोष्टी कराव्यात.

१. अभ्यास थांबू देऊ नये. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आहे आणि जेईईचे पहिले सत्र जानेवारीत असते. अमेरिकेचा होकार आला तरी बारावी लागतेच आणि नकार आला तर तीच कामी येते.

२. नेहमीच्या हंगामातले अर्ज तयार ठेवावेत. डिसेंबरच्या निकालानंतर मुदतीला दोन-तीन आठवडेच उरतात. नकाराच्या दु:खात निबंध चांगला होत नाही. अर्जाची फी परवडत नसेल, तर ती माफ करण्याची विनंती करता येते.

३. आपल्याकडील सीईटी, कृषी, अभियांत्रिकी, वैद्यकीय यांपैकी जे करावयाचे त्याचे फॉर्म वेळेवर भरावेत. हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये.

४. होकाराचे आणि मदतीचे, अशी दोन्ही पत्रे हाती येईपर्यंत जमिनीचा व्यवहार, सावकारी कर्ज किंवा उसाच्या बिलावर उचल असे काही करू नये. मदतीत विमानभाडे, विमा आणि पुस्तके धरली आहेत की नाही, ते मुलाकडून वाचून घ्यावे.

५. 'प्रवेश हमखास करून देतो' म्हणणाऱ्यास दारात उभे करू नये. असा प्रवेश विकत मिळत नाही. खोटे प्रमाणपत्र किंवा दुसऱ्याने लिहिलेला निबंध उघडकीस आला, तर मिळालेला प्रवेशही जातो.

६. गावभर सांगत फिरू नये. पारावर रोज कोणीतरी 'काय झालं रे अमेरिकेचं?' म्हणून विचारतो, तेव्हा मुलाच्या छातीवर किती दगड ठेवले जातात, हे मोठ्यांना कळत नाही.

नकार आला तर

त्याच शेतकऱ्याच्या पत्नीने मला विचारले होते, "नाही म्हणाले तर लेकीला नापास म्हणायचं का हो?"

माऊलीचा प्रश्न रास्त होता. उत्तर आहे, नाही. हार्वर्डचे आकडे पुन्हा पाहा. त्या वर्षी ५२ हजारांवर मुलांना तिथे प्रवेश मिळाला नाही. आपापल्या शाळांतली पहिल्या नंबरची मुले त्यांत मोप असणार. जागाच कमी, तिथे नकार म्हणजे नालायकी नव्हे.

स्टेसी डेल आणि अॅलन क्रुगर या अभ्यासकांनी १९७६ साली महाविद्यालयात गेलेल्या विद्यार्थ्यांची पुढची कमाई तपासली. २००२ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सारख्याच तोलाच्या विद्यार्थ्यांपैकी काही फार नामांकित महाविद्यालयांत गेले, काही साध्या. पुढे दोघांच्या कमाईत सरासरीने फारसा फरक दिसला नाही. मुलाची कुवत आणि जिद्द त्याच्याबरोबर जाते, ती इमारतीत राहत नाही. पण त्यांनीच एक अपवाद नोंदवला आणि तो आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. गरीब घरच्या मुलांना मोठ्या संस्थेचा फायदा खरोखरच झाला. म्हणून आपल्या मुलांनी अर्ज करूच नये, असे मी म्हणणार नाही. जरूर करावा. फक्त त्या एका दारावर सारे घर टांगून ठेवू नये.

कारण दारे आणखी आहेत. आपल्या राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. तिथून बी.एस्सी. करून पुढे अमेरिकेत एम.एस. किंवा पीएच.डी.ला जाणारी मुले आहेत. तिकडे पदव्युत्तर वर्गात संशोधनाचे किंवा शिकवण्याचे काम देऊन फी माफ करण्याची आणि वर पोटापुरते मानधन देण्याची पद्धत आहे. अठराव्या वर्षी बंद झालेले दार बाविसाव्या वर्षी अशा रीतीने उघडू शकते आणि तेव्हा वडिलांच्या सात-बाऱ्याला हात लावावा लागत नाही.

निकालाच्या पहाटे घरात गर्दी करू नका. मुलाला एकट्याने बघायचे असेल तर बघू द्या, आईला जवळ बोलावले तर आईने बसावे. होकार आला तर पेढे वाटण्याआधी मदतीचे पत्र वाचा. लांबणीवर पडले तर 'अजून मार्च आहे' एवढेच म्हणा. नकार आला तर काही समजावू नका. चहा द्या, त्याला किंवा तिला दोन दिवस गप्प राहू द्या आणि तिसऱ्या दिवशी पुस्तके पुन्हा उघडायला सांगा. गव्हाचे दुसरे पाणीही त्याच आठवड्यात द्यायचे आहे, ते विसरू नका.